माजघरात वाजवलेली हळद

बाबा,

विचारत नाही, सांगते आहे. परवा मी आपल्या गावी, मोठ्या घरच्या हळदीला वाजवून आले. ज्या घराच्या फाटकाबाहेर तुम्ही शेवटचं डफडं वाजवलं आणि परत येऊन आईला म्हणालात की आजपासून आपल्या घरात वाजवणं बंद, त्याच घरी. तुम्ही असता तर मला दारातून आत घेतलं नसतं, हे मला ठाऊक आहे. मीही मग दारातच बसून राहिले असते, कारण हट्ट मला तुमच्याकडूनच आला आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी झालीही नव्हती. आता ती पुण्यात नोकरीला आहे, मी साठीच्या जवळ आले आहे आणि मंगरूळमध्ये माझ्या स्वतःच्या ओट्यावर बसून, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. कोरा कागद अशा कामाला वापरणं माझ्याने होत नाही.

तो दिवस मला अजून दिसतो. मी शाळेत नुकतीच जाऊ लागले होते. तेव्हा विहार नव्हता, कडुलिंबाखाली ओटा होता आणि त्यावर निळा झेंडा. दीक्षा घेऊन बरीच वर्षं झाली होती, तरी लग्नसराई आली की गावातून बोलावणं यायचं आणि आपली माणसं डफडी घेऊन निघायची. त्या दिवशी सगळी माणसं ओट्यावर बसली आणि यापुढे कोणाच्याही दारी वाजवायचं नाही असं ठरलं. कोणी आपलं डफडं नाल्यात टाकलं, कोणी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगावर ठेवून पेटवलं. तुम्ही तुमचं घरी आणलं, अंगणात बसून विळ्याने कातडं सोडवलं, ते दूर नेऊन पुरलं आणि लोखंडी कडं आईसमोर ठेवलं. म्हणालात, "याचं काई होत असंन तर पाह्य." आईने बाजारात नेऊन त्याला जाळी बसवून आणली. पुढे मी लग्न होऊन जाईपर्यंत आपल्या घरचं ज्वारीचं पीठ त्या कड्यातून चाळलं गेलं. काटकसर मी कुठून शिकले असं बचत गटातल्या बाया विचारतात. त्यांना हे कसं सांगायचं?

पण कड्याला बोट लागलं की ते वाजायचंच. त्याला तुमचा ठराव माहीत नव्हता. एका दुपारी आई चुलीपाशी आहे, मी पीठ चाळते आहे, आणि चाळता चाळता माझी बोटं कड्यावर तुमची चाल धरतात. ती चाल मी शिकले नव्हते. वाजवायला निघण्याआधी तुम्ही तुराट्यांच्या जाळावर डफडं शेकायचे आणि ताण बघायला चार थापा द्यायचे, तेवढीच ऐकून कानात बसली होती. दोन थापा सरळ, तिसरी जरा मागे रेंगाळलेली, आणि मग एकदम झेप. तुम्ही रोडच्या कामावरून आलेले, दारात उभे. आवाज चढवला नाहीत. "ठेव ते खाली," म्हणालात. मी ठेवलं. मग म्हणालात, "दुसऱ्याचे पाय नाचवाले आपले हात नाईत. पुन्ना दिसले तर हात बांधून ठेवीन." आईने चुलीत लाकूड सरकवलं. तुम्ही हात धुवायला मागे गेलात तेव्हा मात्र ती हळूच म्हणाली, "चांगलं वाजवत होती वं." तिने हे म्हटलं होतं, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतं आहे.

आता यंत्राचं सांगते. ते पोळपाटाहूनही लहान आहे, चपटं, काळं, त्याला सिंथेसायझर म्हणतात. नाचायचं संगीत त्याच्यावर तयार होतं. लेकीने हौसेने जुनं विकत घेतलं होतं, मग नोकरी बदलली, वेळ उरला नाही, आणि एका सुट्टीत ते टॉवेलात गुंडाळून तिने माझ्या माळ्यावर टाकलं. घरात वस्तू नुसती पडून राहिली की मला चैन पडत नाही. चालत नसेल तर द्यावी, चालत असेल तर वापरावी. म्हणून एका दुपारी ते खाली काढलं आणि तिला फोन लावला.

"आई, तू? तुले काय करायचं त्याचं?"

"पाह्यते तर खरं चालते का नाई ते."

"बरं, खाली एका ओळीत सोळा बटनं आहेत नं? त्यातलं एक दाब. लाल झालं?"

"झालं."

"आता उजवीकडचं मोठं दाब अन् ऐक."

मी ऐकलं. एक लाल दिवा ओळीतून धावत होता आणि मी दाबलेल्या बटनावर आला की खाली जमिनीतून आल्यासारखा एक ठोका पडत होता. शेवटाला पोचला की पुन्हा पहिल्यापासून. मी आणखी एक बटन दाबलं, मग आणखी एक. गोधडीला धावदोरा घालताना सुई कुठे वर काढायची आणि कुठे आत बुडवायची, तसंच हे. ज्या बटनावर दिवा, तिथे टाका. ज्यावर नाही, तिथे सुई कापडाखाली. मला ते पहिल्या दिवशीच समजलं. लेक फोनवर हसत होती. "आई, तू मोबाईलवर तिकीट काढायला घाबरते अन् हे जमते तुले?"

एक बटन गोल फिरवलं की आवाज मिटतो आणि उलट फिरवलं की उघडतो, अगदी पातेल्यावरचं झाकण हळूहळू सरकवावं तसा. खालच्या जाड सुरावर ते झाकण ठेवायचं, नाचणाऱ्यांना थोडं तिष्ठत ठेवायचं आणि मग उघडायचं. लेकीने तिच्या मित्रांनी बनवलेलं काही ऐकवलं. त्यांनी सोळाच्या सोळा खणांत काही ना काही कोंबलेलं असतं. मी तसं करत नाही. निम्मे खण रिकामे ठेवते. पाय उचलायला जागा लागते.

पण माझं काहीतरी चुकत होतं. तुमची चाल मी त्या ओळीत बसवली, नेमके तेच ठोके घातले, आणि ऐकलं तर ती शाळेच्या कवायतीसारखी वाजली. सरळ, खडखडीत, जीव नाही. दोन-तीन आठवडे मला वाटत राहिलं की लहानपणी ऐकलेलं मी विसरले. मग लेकीने सांगितलं की एक बटन असं आहे, जे फिरवलं की प्रत्येक दुसरा ठोका किंचित उशिरा पडतो. ते मी हळूहळू फिरवत गेले. एका जागी येऊन माझा हात थांबला. तिसरी थाप मागे रेंगाळली आणि मग झेप घेतली. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. तुराट्यांचा वास आला म्हटलं तर तुम्ही मला वेडी म्हणाल, म्हणून म्हणत नाही. एवढंच सांगते की त्या दिवशी वरणाला फोडणी द्यायची राहिली आणि जावई तुमचे तसंच जेवले.

जयंतीच्या दिवशी आमच्या विहाराच्या अंगणात पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया त्याच चालीवर नाचल्या. दरवर्षी भाड्याचा डीजे यायचा आणि त्याच्या दणक्याने म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडायचं. या वेळी माझं यंत्र आणि चाकांवरचा, चार्जिंगवर चालणारा एक स्पीकर, एवढंच. तिथे लेकीची कॉलेजातली एक मैत्रीण आली होती. ती आपल्या गावच्या मोठ्या घरची नात, तिचं लग्न ठरलेलं. आठ दिवसांनी तिचा फोन आला.

"काकू, माह्या हळदीले तुमीच वाजवा. डीजे नाई पायजे मले. बाया-बायाच नाचू."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हटलं, "येते. पन मले बसाले खुर्ची पायजे अन् यंत्र ठेवाले टेबल. खाली बसून वाजवनार नाई."

"हे काय सांगनं झालं, काकू?"

तिला काय माहीत, मी ते का सांगितलं. मी मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही कचेरीच्या लिलावातून खुर्ची आणली होती, एक हात ढिला असलेली, डोक्यावर घेऊन, भर गावातून. वाटेत लोक विचारत होते आणि तुम्ही प्रत्येकाला थांबून सांगत होता, "पोरीसाठी हाय." घरी आल्यावर मला तिच्यात बसवलंत आणि स्वतः जमिनीवर बसून माझ्याकडे बघत राहिलात. मला इतकं अवघडल्यासारखं झालं होतं की मी पाय वर घेऊन बसले. तुम्ही म्हणालात, "पाय खाली सोड. खुर्चीत बसल्यासारखं बस." तुमची ती शिकवण मी विसरले नाही, म्हणून खुर्ची मागितली.

बातमी गावात पोचायला वेळ लागत नाही. तुमच्याबरोबर ओट्यावर बसून ठराव करणाऱ्यांपैकी आता एकच काका उरले आहेत. ते एसटीने मंगरूळला आले, काठी टेकत घर शोधलं आणि दारातच उभे राहिले.

"आयकलं ते खरं हाय काय?"

"हाव काका. बसा, पाणी घ्या."

"पान्याचं मंग पाहू. तुह्या बापानं पोटाले चिमटा घेऊन ते सोडलं. त्या साली तुमच्या घरी बलुत्याची मूठभर ज्वारी आली नाई, माहीत हाय नं? अन् तू त्याइच्याच दारी वाजवाले चालली?"

"दारी नाई काका. घरात."

"घरात कोन घेते?"

"पाहू."

"रोज विहारात जाते, वंदना घेते, अन् लोकाइले नाचवते. शील कुठं गेलं मंग?"

मी हिशेबाची बाई आहे, बाबा. असं कोणी बोललं की मी खाती वेगळी करून दाखवते. म्हटलं, "पौर्णिमेले अष्टशील घेते मी. त्यात नाच-गानं वर्ज्य हाय, म्हनून त्या दिवशी यंत्रावर फडकं असते. बाकीच्या दिवशी पंचशील. त्यात नाचाचं काई नाई. पाहा तुमी म्हनून."

काका मनातल्या मनात म्हणून बघत असावेत, कारण त्यांचे ओठ हलले. मग खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि जाताना म्हणाले, "तुह्या बापाले तोंड काय दाखवनार तू?"  त्याचंच उत्तर शोधायला हा कागद घेतला आहे.

हळदीच्या सकाळी आम्ही दोघं गेलो. हे एसटीच्या वर्कशॉपातून वायरिंगवाले म्हणून निवृत्त झालेले. निघतानाच म्हणाले, "स्पीकर मी उचलतो. पन मले नाचाले नाई लावायचं." मी रोजच्यासारखी वंदना म्हणून, पांढरी साडी नेसून निघाले होते. फाटकापाशी नवरीचे काका सामोरे आले. पांढरे कपडे, एका कानाला फोन, बोलायला गोड.

"या ताई, या. तुमची जागा इकडं केली हाय. पाहा, कडुलिंबाखाली, मस्त थंडगार. खुर्ची ठेवली, टेबल ठेवला."

आणि खरंच, खुर्ची होती. टेबल होता, त्यावर फुलाफुलांचं कापड घातलेलं. बाबा, ती जागा तुम्ही ओळखली असती. फाटकाच्या बाहेर, गुरांच्या गोठ्याला लागून, तुम्ही ज्याखाली वाजवायचे तेच झाड. मी खुर्ची मागितली, पण ती कुठे ठेवायची ते सांगायला विसरले होते. माझी अट अक्षरशः पाळली होती त्यांनी. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी त्याच्या तोंडाकडे बघून सांगते. वाजवणारे तिथे बसतात, एवढंच त्याला माहीत होतं, आणि त्याच्या बापालाही तेवढंच माहीत होतं.

मी म्हटलं, "भाऊ, बाया कुठं नाचनार?"

"माजघरात. ऊन हाय नं बाहीर."

"मंग मी इथं कायले?"

"आवाज तर आत येतेच की, ताई."

येतोच. आवाज पहिल्यापासून आत जातच होता. तुमचा आवाज त्या घराच्या देवघरापर्यंत गेला आहे, तुम्ही कधी फाटक ओलांडलं नाही. एवढा सगळा विचार मी तिथे उभ्या उभ्या केला असं नाही. मी फक्त म्हटलं, "याले भिंतीतला प्लग लागते, भाऊ. त्याशिवाय चालत नाई हे."

"मंग वायरीचा बोर्ड देतो नं. हा एवढा लांब हाय."

"लांबच्या वायरीनं घरघर येते."

त्यांनी यांच्याकडे बघितलं, बाईमाणसाच्या बोलण्याची खात्री करून घ्यायला. यांनी स्पीकर खाली ठेवला, कपाळ पुसलं आणि वर्कशॉपातल्या साहेबासारखं तोंड करून म्हणाले, "हाव. लय घरघर येते."

तेवढ्यात नवरी अंगणात आली. तिला यातलं काही कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. "काका, माजघरात हाय नं प्लग, मिक्सरचा. काकू, या तुमी आत." टेबल कोणी उचलला ते मी बघितलं नाही. खुर्ची मात्र मी स्वतः उचलली. फाटक, अंगण, ओसरी, चौकट. चपला काढल्या आणि आत गेले. आत हळदीचा आणि मोगऱ्याचा वास होता, भिंतीला लावून मिक्सर होता, तो त्यांनी बाजूला सरकवला आणि त्याच्या जागी माझी वायर लागली. मी खुर्चीत बसले. पाय खाली सोडून.

आधी सरळ ठेका लावला. पोरी नाचू लागल्या, मोबाईल वर धरून, एकमेकींना हळद फासत. मग त्या दमल्यावर मी खालचा सूर झाकला, सगळं शांत होऊ दिलं, ते ठोका रेंगाळवणारं बटन फिरवलं आणि तुमची चाल लावली. पहिल्यांदा पाय चुकले त्यांचे. मग एका मावशीला सापडली, मग दुसरीला, आणि बघता बघता मोठ्या बाया उठल्या ज्या आधी भिंतीला टेकून बसल्या होत्या. झाकण उघडलं तेव्हा माजघराची फरशी हलली असेल असं मला वाटलं. 

बाजेवर नवरीची आजी बसली होती, ऐंशीच्या वरची. तिने मला हाताने जवळ बोलावलं. मी खुर्ची सरकवून जवळ गेले.

"हे कोनतं गानं हाय वं?"

"गानं नाई आजी, चाल हाय."

"माह्या लग्नात अशीच वाजली होती. बाहीर."

"हाव. माहे बाबा होते ते. तवा बाहीर होते."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माफी वगैरे काही बोलली नाही, आणि मी त्याची वाट बघत नव्हते. मग म्हणाली, "आमी आतून आयकलं फक्त. कोन वाजवते ते कोनी दाखवलंच नाई." आणि लगेच, "जरा तिकडं सरक. मले ते लाल दिवे पाहू दे." मी यंत्र उचलून तिच्या मांडीजवळ धरलं. तिने एक बटन दाबलं, चुकीच्या जागी एक ठोका पडला, आणि ती हसली. मी तो तसाच राहू दिला. दोन-चार फेऱ्या तो ठोका आमच्यात वाजत राहिला.

पहिल्या पंगतीत जेवलो आणि परत आलो. काल ओट्यावरच्या त्या काकांचा फोन आला. "कुठं बसवलं तुले?" "माजघरात."  मग, "जेवन?" "पयल्या पंगतीत." "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. ते खूश झाले की नाराज, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

तर तोंड काय दाखवणार, याचं उत्तर. हेच दाखवणार, जे आहे ते. तुमचं सोडणं चूक होतं असं मी कधीच म्हणणार नाही. तुम्ही सोडलं म्हणून मी शाळा पुरी केली, म्हणून खुर्चीत बसले, म्हणून परवा कोणी मला हुकूम सोडला नाही, बोलावणं आलं. पण तुम्ही फाटक सोडताना चालही तिथेच ठेवून आलात, आणि ती त्यांची नव्हती. त्यांनी तुम्हाला ती शिकवली नव्हती. ती तुमच्या बोटांतून आलेली होती, आणि ती आणायला कोणीतरी परत जाणं भागच होतं. हात बांधायचे असतील तर बांधा. या यंत्राला एक बोट पुरतं.

पुढच्या महिन्यात आणखी एका घरचं बोलावणं आहे. मी जाणार आहे, आणि या वेळी खुर्ची कुठे ठेवायची ते आधी सांगणार आहे.

हा कागद कोणाला वाचायला द्यायचा नाही. लेकीलाही नाही, कारण तिने वाचला तर ती पहिल्यांदा एकच गोष्ट पकडेल, तिला यंत्र माहीत आहे. तेवढी तुम्हालाच सांगते. ते यंत्र सेलवरही चालतं, बाबा. झाडाखाली बसूनही तितकंच छान वाजलं असतं. नवे सेल माझ्या पिशवीतच होते.